खांद्यावरची टाच

माझ्या धाकट्या भावाचा पाय कसा सरळ झाला, याच्या आमच्या नात्यागोत्यात तीन हकिकती चालतात. पहिलीप्रमाणे तो हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या लेपाने सरळ झाला. दुसरीप्रमाणे भावाच्या स्वतःच्या जिद्दीने. तिसरी माझे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, सांगतात. आणि दाजींना रंगवून सांगता येते म्हणून तीच सर्वांत जास्त ऐकली जाते. थोरल्या भावाने अंथरुणावरच्या पोराचा असा पाणउतारा केला की पोरगं रागानं उठलं आणि पळत सुटलं, अशी ती हकिकत. मी ती लग्नाच्या मांडवात ऐकली आहे, पंगतीत ऐकली आहे, एकदा तर मयताच्या ठिकाणी ऐकली आहे. दर वेळी मी हरकत घेतली आणि दर वेळी "जाऊ द्या गुर्जी, जेवा" असे म्हणून कोणीतरी विषय संपवला. पंगतीत माणसाला वाक्य पुरे करू देत नाहीत. कागदावर ते करता येते, म्हणून लिहितो.

तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. पत्त्यात आम्ही परभणी लिहीत असू. पुसेगावजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवीत होतो. वडील लवकर गेले. भाऊ माझ्याहून इतका लहान की त्याला शाळेत घालताना पालक म्हणून मीच उभा होतो. थोरल्याला वडिलांच्या जागी मानण्याची आमच्या घरातली रीत नुसती बोलण्यापुरती नव्हती. मी ओसरीवर असलो तर तो बाजेवर बसत नसे. येता-जाता चुकून त्याचा पाय माझ्या अंगाला लागला, तर जिथे लागला तिथे हात लावून तो हात तो कपाळाला लावीत असे. ही रीत मी घातलेली नाही. मला ती आवडत होती, हेही मी लपवीत नाही.

भाऊ कबड्डी खेळे, आणि चांगली खेळे. पण खेळून कुणाचे पोट भरत नाही, तेव्हा त्याने पोलीस भरतीची तयारी चालवली होती. एकदा थोडक्यात हुकला होता. वयाच्या अटीत बसणारी आता एकच भरती उरली होती आणि ती पुढच्या उन्हाळ्यात होईल असे सांगत होते. अशा वेळी कनेरगाव नाक्यावरच्या सामन्यांत तो चढाईला गेला. एकाने घोटा धरला, दुसरा बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर कोसळला, आणि गुडघा आतल्या अंगाला मुडपला. मी मैदानाच्या कडेला होतो. आवाज आला असे पुढे पुष्कळांनी सांगितले. आवाज आला नाही. भाऊ ओरडलाही नाही. पाय उराशी धरून मातीत बसून राहिला.

आता त्या लेपाचे सांगतो. त्या रात्री मी शाळेच्या कामाने परगावी निघालो आणि माघारी आलो तोवर आईने हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून घेतले होते. त्याने गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप लावून फडके बांधले आणि पाय वाकवूनच ठेवा, म्हणजे दुखणार नाही, असे सांगून तो गेला. दुखले नाही, हे खरे. पुढे नांदेडला हाडांच्या डॉक्टरांनी पाहिले तेव्हा कळले की आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला आहे, हाडाला काही झालेलेच नाही. ऑपरेशन नको म्हणाले, प्लास्टर घातले, आणि प्लास्टर निघाल्यावर व्यायाम सुरू करा म्हणाले. परंतु प्लास्टर निघाले त्या दिवशी आईने गोधडीची घडी करून त्याच्या गुडघ्याखाली सरकवली. लेकराला आराम पडतो, म्हणून ती घडी दिवसा राहिली आणि रात्रीही राहिली. व्यायामाचे आमच्याकडे कोणी मनावर घेतले नाही. पाय बरा व्हायचा तो पडून राहिल्यानेच होतो, अशी सगळ्यांची खात्री. परिणाम असा झाला की लिगामेंट सांधला गेला, पण मांडीच्या मागचे स्नायू त्या वाकलेल्या मापाचेच होऊन बसले. भाऊ उभा राहिला तर टाच जमिनीला टेकेना. चालू लागला की गुडघा वाकलेला, पाऊल आखूड. "शिरा आखडल्या," असे गावाने निदान केले आणि ते बरोबर होते. मात्र त्या कोणी आखडू दिल्या, हे गाव सांगत नाही.

मी त्याला पुन्हा नांदेडला नेले. तिथे फिजिओथेरपी करणाऱ्या एक बाई होत्या. वयाने लहान, बोलायला फटकळ. त्यांनी भावाला उताणे झोपवले, पाय उचलून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुडघा बरा आहे हो. मागचे स्नायू दोरीसारखे झालेत. इतके दिवस काय केलंत?"

"आराम," भाऊ म्हणाला.

"तोच नडला."

रोज नांदेडला येणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी मला शिकवले, आणि मी शिकलो. आधी रुग्णाला पालथे झोपवून मांडीचा मागचा भाग तळहाताच्या बुडाने गुडघ्याकडून वर, सावकाश रगडायचा. गुडघ्यामागच्या खळगीत मात्र बोटही दाबायचे नाही. मग उताणे झोपवायचे. चांगला पाय जमिनीवर सपाट ठेवायचा. आपण गुडघ्यांवर बसून दुखऱ्या पायाची टाच आपल्या खांद्यावर घ्यायची, एक हात त्याच्या मांडीवर गुडघ्याच्या जरा वर ठेवायचा, आणि ताण लागेपर्यंत पाय उचलायचा. तिथे थांबायचे. यानंतरची गोष्ट मुख्य. रुग्णाने टाचेने आपला खांदा खाली दाबायचा, जोर लावून, आणि आपण हलायचे नाही. मग त्याने एकदम ढिले सोडायचे, श्वास सोडायचा; आणि स्नायू दमून सैल पडतो त्या क्षणी आपण पाय थोडासा पुढे न्यायचा. हिसका द्यायचा नाही.

"त्याने दाबलं नाही, तर तुम्ही नुसते ओढत बसाल," बाईंनी बजावले. "नुसतं ओढल्यावर स्नायू उलट घट्ट होतो."

हे वाक्य मी विसरलो नव्हतो. दाजी म्हणतात, गुर्जींना नीट समजलेच नसेल. मला समजले होते.

घरी ओसरीवर चटई टाकून आम्ही सुरुवात केली. शाळेत जाण्यापूर्वी एकदा, आल्यावर एकदा. करडईचे तेल घेऊन मी मांडी रगडीत असे, मग त्याची टाच खांद्यावर घेऊन म्हणत असे, "दाब."

"दाबलं दादा."

"जोरानं दाब."

"दाबून राहिलो की."

खांद्यावर टाचेचे वजन जाणवे, त्यापलीकडे काही नाही. मला वाटले, एवढ्या दिवसांच्या पडून राहण्याने पायात ताकदच उरली नसेल. मी ओढत राहिलो. पाय एका उंचीपर्यंत येई आणि तिथेच खुंट गाडल्यासारखा थांबे. थंडी पडली, तुरी काढणीला आल्या, पाय तिथेच. हॉटेलात चहाला बसलो की लोक विचारत, "काय गुर्जी, लांब झाला का न्हाई पाय? का गणितच चुकलं?" आणि हसत. मी त्यांच्यासमोर मांडणी करून सांगत असे की स्नायू कसा सैल पडतो. त्यावर ते आणखी हसत.

कबड्डीच्या संघातला त्याचा एक दोस्त मध्येच एकदा आला. मी शाळेत होतो. "गुर्जींच्यानं व्हत न्हाई, मी करतो," म्हणून त्याने पाय धरला आणि दिला हिसका. गुडघा सुजला आणि आठवडाभर सगळे बंद पडले. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण दाजींचा नेहमीचा प्रश्न असा असतो की गुर्जींच्यानं व्हत नव्हतं तर दुसऱ्या कुणाला काहून बोलावलं न्हाई. बोलावले नव्हते, तरी आला होता. आणि काय केले ते सुजेने दाखवले.

सूज उतरल्यावर मी भावाला पुन्हा बाईंकडे नेले. त्यांनी पाय उचलला, टाच स्वतःच्या तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, "दाबा." भावाने दाबले. बाईंचा हात खाली गेला. त्यांना दुसरा हात लावावा लागला. मग "सोडा" म्हणाल्या, आणि जो पाय माझ्या खांद्यावर महिनाभर तसूभर हलला नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकला.

"याच्यात भरपूर जोर आहे," त्या म्हणाल्या. "सर, तुमची पद्धत चुकते आहे. नुसतं ओढता ना?"

मी भावाकडे पाहिले. तो छताकडे पाहत होता. त्या खोलीत मी काही बोललो नाही. परतीच्या प्रवासातही बोललो नाही. अपमान गिळण्याची मला सवय नाही, हे मला ओळखणारे सांगतील. पण मला आधी समजून घ्यायचे होते की एकच पाय दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी कसा वागतो.

ते दुसऱ्या दिवशी समजले. मी पाय खाली उतरवीत होतो. अशा वेळी भाऊ नेहमी हात लांब करून माझ्या खांद्याला लावीत असे. मी समजत होतो की आधारासाठी लावतो. एरवी मी तोवर तेलाच्या वाटीकडे वळलेला असे; त्या दिवशी मी तोंड वळवले नाही. हात खांद्याला लागला, परत गेला, आणि माझी नजर चुकवून कपाळाला टेकला.

पहिल्या दिवसापासून तो हेच करीत आला होता. दर खेपेला. थोरल्या भावाच्या अंगावर पाय ठेवावा लागतो म्हणून मनातल्या मनात माफी मागत होता. आणि ज्या खांद्याला पाय नुसता लागला तर माफी मागायची, त्या खांद्यात टाच रोवायची कशी? बाई परक्या होत्या, दवाखाना होता, तिथे पाय मोकळा झाला. माझ्या खांद्यावर तो पाय आदबीने ठेवला जात होता. आमच्याच घरात होऊ शकेल अशी ही चूक.

मी सरळ बोललो. "अरे, हा उपचार आहे. यात पाप नाही. मी सांगतो म्हणून दाब."

"व्हय दादा," तो म्हणाला, आणि कानशिलापर्यंत लाल झाला.

आई चुलीजवळून म्हणाली, "थोरल्याच्या अंगावर पाय रोवायचा म्हनं! असली कोनती डाक्टरी हाय? देव बघून राहिला."

"देवाला भरतीला उभं राहायचं नाही," मी म्हणालो. आईला ते लागले.

भावाने प्रयत्न केला, हे मी मान्य करतो. घाम येईपर्यंत केला. खांद्यावर घोंगडी घडी करून घेतली, म्हणजे अंगाला अंग लागणार नाही, तरी जोर लागेना. कूस बदलून भिंतीला टाच लावायला सांगितली, तर पाय घसरे आणि गुडघा वाकडा होई, ते मीच बंद केले. समजावून झाले, शपथ घालून झाली. फेब्रुवारी उलटत आला. हॉटेलातल्या पोरांनी भरतीचे कागद मागवले असल्याचे कानावर आले. माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या: त्याच्या मनातला माझ्याविषयीचा आदर आणि त्याचा पाय. दोन्ही एकत्र राहू शकत नव्हत्या, हे मला दिसत होते आणि घरात दुसऱ्या कोणालाही दिसत नव्हते.

मी विचार करून ठरवले. रागाच्या भरात बोललो असे जे म्हणतात, ते मला ओळखत नाहीत.

संध्याकाळी त्याची टाच खांद्यावर घेतली, ताण लागेपर्यंत पाय उचलला, आणि म्हणालो, "खरं सांग. कनेरगावला तू मुद्दाम पडलास ना?"

"आँ?"

"मागच्या भरतीत धावताना फे फे उडाली होती. पुन्हा हसू होईल म्हणून पाय मोडून घेतलास. म्हणजे कुणी विचारायला नको."

"दादा, काय बोलून राहिले तुमी?"

"गाव बोलतंय ते बोलतो. लंगड्याचं सोंग आणलं की चटईवर आयतं ताट येतं."

गाव असे बोलत नव्हते. ते मी रचले होते. त्याचे डोळे भरले, आणि मग त्या डोळ्यांत जे आले ते मी त्याच्या जन्मापासून कधी पाहिले नव्हते. टाच माझ्या खांद्यात घुसली. मी मागे रेटला गेलो आणि एक हात जमिनीला टेकवून कसाबसा सावरलो.

"अजून," मी म्हणालो. "बस, इतकाच दम?"

त्याने दाबले. मग त्याला सोडायला सांगितले. हुंदका देऊन त्याने श्वास सोडला आणि पाय सैल पडला, तेव्हा मी तो पुढे नेला. हिसका न देता. त्या क्षणी सुद्धा मी हिसका दिला नाही. पाय गेला. अडत होता ती जागा ओलांडून गेला. खाली उतरवताना त्याने हात खांद्याला लावला नाही.

राग एका दिवसात विरतो, हे ज्याने भाऊबंदकी पाहिली आहे त्याला माहीत असते. म्हणून मला रोज काहीतरी नवे शोधावे लागे. वर्गात गणित सोडवायला देऊन मी खिडकीबाहेर पाहत बसे आणि संध्याकाळी याला काय बोलायचे याची जुळवाजुळव करी. त्याच्या दोस्तांविषयी बोललो. त्याच्या लग्नाला कोण मुलगी देणार, हे बोललो. वडील असते तर त्यांना काय वाटले असते, हेही बोललो, आणि त्या दिवशी पाय सर्वांत जास्त गेला. याच सुमारास दाजी बहिणीला सोडायला आले होते. दारात उभे राहून त्यांनी एक बैठक पाहिली, ऐकली, आणि चपला तशाच घालून परत फिरले. त्यांच्या हकिकतीचा उगम तो. त्यांनी ऐकले ते खरे आहे. पण माझा हात कुठे होता, पाय कधी उचलला, कधी थांबलो, यातले दाजींनी काहीही पाहिले नाही. तोंडाकडे पाहणाऱ्याला हात दिसत नाही.

आईने माझ्याशी बोलणे टाकले. माझे ताट ती वाढी, पण हाक मारीत नसे.

ज्वारीची मळणी झाली तोवर टाच जमिनीला टेकू लागली होती. मग पाय सरळ उभा राहिला, मग माझ्या खांद्याच्या वर गेला आणि मला उठून उभे राहावे लागले. शेवटच्या खेपेला बाईंनी पाय तपासला, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "बघा, पद्धत सुधारली की लगेच फरक." ही चौथी हकिकत. तिथेही मी हरकत घेतली. "पद्धत पहिलीच होती," म्हणालो. त्या हसल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

भाऊ पहाटे रस्त्यावर धावू लागला. मी बरोबर जात नसे. त्याला ते नको होते. भरतीत तो निवडला गेला. निकाल सांगायला घरी आला तो थेट आईकडे गेला. मी ओसरीवर होतो. पेढ्याचा पुडा त्याने माझ्याजवळ ठेवला आणि म्हणाला, "घ्या. सोंग संपलं."

मुद्दाम चिडवत होतो हे तेव्हाच त्याला सांगायचे होते, असे मला पुढे एक-दोघांनी सुचवले. का सांगायचे? ज्याला उताणे पडून दर दिवशी आपला पाय पुढे जाताना दिसत होता, त्याला मांडणी करून सांगावे लागत असेल, तर सांगून काय उपयोग? मी वाट पाहिली. त्याला कधीतरी आपोआप कळेल असे धरून चाललो. एवढा एक हिशेब माझा चुकला.

वर्षे गेली. हिंगोली जिल्हा झाला. भावाची बदली होत होत तो हिंगोलीलाच आला आणि तिथे त्याने घर बांधले. आई तोवर गेली होती. वास्तुशांतीला बोलावणे आले, मी गेलो. जेवणानंतर गच्चीवर पुरुष मंडळी बसली होती, भावाच्या खात्यातले दोघे-तिघे होते, आणि दाजींनी सुरू केले. हातवारे, माझा आवाज, सगळे. लोक हसले. भाऊही हसत होता.

"खरं हाय," तो त्या मंडळींना म्हणाला. "तवाच ठरवलं, या मानसाला पळून दाखवतो म्हणून."

मी उठलो नाही. बसूनच म्हणालो, "तू माझ्या खांद्यावर टाच दाबत नव्हतास. लाज वाटत होती तुला. तू चिडल्याशिवाय दाबणार नव्हतास आणि दाबल्याशिवाय पाय जाणार नव्हता. म्हणून बोललो."

भाऊ विचारात पडल्यासारखा दिसला. मग म्हणाला, "दाबत व्हतो की. पहिल्या दिवसापासून दाबत व्हतो."

"नव्हतास."

"पाय कुनाचा दादा? तुमचा का माझा?"

"खांदा माझा होता."

"बरं बरं गुर्जी," दाजी म्हणाले, "तुमचंच खरं. सुपारी घ्या."

मी सुपारी घेतली नाही. भावाने मला मोटारसायकलवर बसवून स्टँडवर आणले. त्याने उजव्या पायाने किक मारली, तोच पाय. गुडघा पुरा सरळ झाला, कसलाही अडथळा नाही. स्टँडवर गाडी लागायची होती. तो गेला नाही, उभा राहिला. मग म्हणाला, "एक डाव नुसतं म्हनले असते ना, चुकलं म्हनून, तर मी कवाच इसरलो असतो."

"काय चुकलं?" मी विचारले.

त्याने मान हलवली, गाडी वळवली आणि तो गेला. मी विचारलेला प्रश्न खराखुरा होता. मला त्याचे उत्तर हवे होते, आणि अजून हवे आहे. जे चुकले नाही त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही. ती इथेही मागत नाही.